दोष आढळला नाही

प्रिय ताई,

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी धड बोललो नाही. तू म्हणालीससुद्धा, "जेवतोयस का रे? तोंडात घास असल्यासारखा बोलतोयस." जेवत नव्हतो. अठरा तारखेची वेळ मिळाली, सकाळी दहा वाजता, उरलेल्या उजव्या बाजूचा फोटो, असं तू सांगितलंस आणि मग अगदी सहज म्हणालीस, "एकदा तुझं ते पत्र हातात पडलं ना, की मी निवांत." त्या वाक्यापाशी मी अडकलो. तीन दिवस झाले, अजून तिथेच आहे. काल दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत, घरात कुणी नाही, म्हणून लिहायलाच बसलो. माझ्या लिहिण्याची तऱ्हा तुला माहीत आहे, आधी पाल्हाळ आणि मग मुद्दा. या वेळी मुद्दा आधीच सांगून ठेवतो. अठरा तारखेच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती माझ्याकडूनच कळायला हवी. पण ती समजण्यासाठी त्याच्या आधीचंही थोडं सांगावं लागेल. मध्येच उठून शिवणाच्या मशीनवर जाऊन बसू नकोस.

माझं काम नक्की काय, हे इतक्या वर्षांत मी तुला कधी नीट सांगितलं नाही, आणि दाजींनी तर "हा आमचा एक्स-रेवाला" अशी ओळख करून देऊन विषयच मिटवलाय. मी फोटो काढत नाही. फोटो तंत्रज्ञ बाई काढतात आणि बघतात आमच्या डॉक्टरीणबाई. अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसून त्या बोलत जातात, ते रेकॉर्ड होतं, आणि पलीकडच्या खोलीत मी हेडफोन लावून ते टाइप करतो. तो झाला अहवाल. तो एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी केलेला असतो, ज्या बाईचा फोटो असतो तिला त्यातलं अक्षर कळत नाही. म्हणून अहवालाशिवाय एक साधं पत्र बाईच्या घरी जातं. ते पत्र माझं. म्हणजे सही डॉक्टरीणबाईंची, वाक्यं माझी. पूर्वी ते दोन पानी होतं आणि वाचून माणूस आणखी गोंधळायचा. सात वर्षांपूर्वी मी ते मोडीत काढलं आणि थोडक्या ओळींचं केलं. तुझ्या फ्रिजवर होतं ते हेच. 'आपल्या तपासणीत दोष आढळला नाही. पुढील तपासणी दोन वर्षांनी करावी.' काय अभिमान होता मला त्या पत्राचा, सांगू! व्याकरण शुद्ध, एक शब्द जास्त नाही. लहानपणी तुझ्या वहीतल्या वेलांट्या सुधारायचो म्हणून तू मला पंतोजी म्हणायला लागलीस. ते काही उगाच नाही.

आता तुला अवघड वाटेल आणि मला तर वाटतंच आहे, पण लिहितो. आपल्या घरात त्या अवयवाला शब्दच नव्हता. आई 'अंगावरचं बाळ' म्हणायची, 'अंगावर पाजते' म्हणायची. अंग म्हणजे काय ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. तू 'छाती' म्हणतेस, तेही दुकानात, गळ्यात टेप टाकून, "छाती छत्तीस, कंबर तीस," कापडाबद्दल बोलावं तसं. मी कामावर दिवसातून साठ वेळा 'स्तन' टाइप करतो. बोटांना काही वाटत नाही. पण बहिणीशी बोलताना तो शब्द माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालेला नाही. तुला अठ्ठेचाळीस पूर्ण झाली तेव्हा मला फार वाटायला लागलं की हिने एकदा तपासून घ्यावं. सांगणार कसं? आमच्याकडे मोफत तपासणीचा आठवडा होता. त्याचं माहितीपत्रक मी पाकिटात घातलं, वर तुझा पत्ता लिहिला आणि टाकलं पोस्टात. आत माझी एक ओळ नाही. तुझा फोन आला, "पंतोजी, नमस्कार-बिमस्कार काही नाही? मला वाटलं कुठल्या कचेरीची नोटीस आली!" आणि मग आवाज खाली आणून, "येते रे. कळलं." एवढ्यात आपण दोघांनी तो विषय उरकला. तू आलीस, तपासणी झाली, बाहेर येऊन म्हणालीस, "पाणी न मारता इस्त्री फिरवल्यासारखं वाटलं बाई," तेव्हा तंत्रज्ञ बाईसुद्धा खो खो हसल्या. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

त्या पत्रात पहिले काही महिने आणखी एक ओळ होती. सगळ्यांच्या नाही, काही जणींच्याच. 'आपल्या स्तनांची घनता अधिक आहे.' अहवाल सांगताना डॉक्टरीणबाई प्रत्येकीची घनता सांगतात, अ ते ड अशा चार पायऱ्या आहेत. अ म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. ती फोटोत काळपट दिसते, त्यामुळे गाठ असली तर पांढरी उठून दिसते. ड म्हणजे दूध तयार करणारा भाग आणि त्याला धरून ठेवणारे धागे, सगळं गच्च. ते फोटोत पांढरं दिसतं. आणि गाठही पांढरीच. हा आजार नाही. हाताला कळत नाही, आकारावरून सांगता येत नाही, फोटो काढल्यावरच समजतं. चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ निम्म्या बायका क किंवा ड मध्ये येतात. फरक एवढाच की त्यांच्या बाबतीत फोटोला कमी दिसतं, आणि गाठ होण्याची शक्यताही इतरांपेक्षा थोडी जास्त असते.

'घनता' हा शब्द मी विज्ञानाच्या पुस्तकातून उचलला होता, आणि तो चांगलाच अंगाशी आला. पहिल्याच महिन्यात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई पत्र घेऊन खिडकीवर आल्या. "माझं वस्तुमान घेतलं नाही, आकारमान घेतलं नाही, मग घनता काढली कशी?" खिडकीवर आमच्या काकू बसतात, तीस वर्षं तिथेच आहेत. त्या म्हणाल्या, "बाई, मी तर नाही काढली." एकीच्या नवऱ्याने घन म्हणजे लठ्ठ असा अर्थ लावून तिचा भात बंद केला होता. एकीने फोनवर विचारलं, सैल कपडे घातले तर कमी होईल का? काकू माझ्या दारात येऊन ओरडायच्या, "ए शब्दकोश, ये बाहेर, तुझी घनता तूच निस्तर!" आम्ही हसायचो. मग एक दिवस साठीच्या एक बाई आल्या. पत्र खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, घनता म्हणजे ती गाठच. नाव घ्यायचं टाळून डॉक्टरांनी असं लिहिलंय. काकूंनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जागेवरून उठलोच नाही. त्या बाईंच्या अहवालात काहीही नव्हतं.

त्याच आठवड्यात विभागाची बैठक झाली आणि मी म्हणालो, बायका घाबरतात, ही ओळ काढून टाकू. ताई, हे सावकाश वाच, कारण मी हे दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही. सुचवलं मीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढायची कशाला? नीट समजावून लिही की." मी म्हणालो, त्याला परिच्छेद लागेल, पत्र दुसऱ्या पानावर जाईल, आणि घनता अहवालात असतेच, ज्या डॉक्टरांनी पाठवलं ते सांगतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी त्याही "बरं" म्हणाल्या. चहा आला आणि पुढचा विषय निघाला. मोफत आठवड्यात येणाऱ्या बायकांना कुठल्याच डॉक्टरने पाठवलेलं नसतं, त्यांचा अहवाल आमच्याच कपाटात राहतो आणि त्यांच्या हातात पडतं ते फक्त पत्र, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं का? मी स्वतःला खूपदा विचारलंय. बहुधा नव्हतं आलं. पण तो 'बहुधा' खोडायची हिंमत होत नाही. खरं सांगायचं तर मला माझं पत्र एका पानात हवं होतं.

तुझ्या फोटोनंतर तेरा महिन्यांनी तू स्वतःसाठी तो राखाडी कोट शिवायला घेतलास. ही हकीकत तू मला वॉर्डात सांगितलीस, हाताला नळी लावलेली असताना, हसत. मला ती शब्दाला शब्द पाठ आहे. गिऱ्हाइकांचं करता करता वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कापड. कोट अंगात घालून आरशासमोर उभी राहिलीस, तोंडात टाचण्या, आणि डावीकडची चुणी काही केल्या बसेना. उजवी सपाट, डावी जराशी ओढलेली. तू ती उसवलीस, पुन्हा घातलीस, पुन्हा तेच. पंचवीस वर्षं कात्री चालवणारी बाई तू, तुला वाटलं कटिंगच चुकलं. स्वतःवर चिडलीस, नवा पुढचा भाग कापलास. तिसऱ्यांदा टाचणी लावताना बोटाला ते लागलं, कापडाखाली, शर्टाच्या बटणाएवढं, कडक. तशीच स्वयंपाकघरात गेलीस आणि फ्रिजवरचं पत्र वाचलंस. दोष आढळला नाही. पुढील तपासणी दोन वर्षांनी. अजून अकरा महिने होते. तू मला म्हणालीस, "वर तुझ्या हॉस्पिटलचं नाव, खाली सही. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या मशीनला जे दिसलं नाही ते माझ्या बोटाला काय कळणार!" कोट गुंडाळून कपाटात टाकलास. तीन महिने. शेवटी दाजींनीच विचारलं, कोटाचं काय झालं, तेव्हा तू बोललीस. आणि दाजी, जे आगगाडी सुटत असली तरी पाऊल झपझप उचलत नाहीत, ते तुला त्याच पावली दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनीही आधी पत्रच वाचलं. "तुमची तपासणी तर झालेली दिसते." दाजी म्हणाले, "तो कागद ठेवा बाजूला आणि हिला बघा." दाजींच्या तोंडून एवढं खणखणीत वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही, आणि हेही तू सांगितलंस म्हणून कळलं.

पुढचं सगळं तुझ्यावरूनच गेलंय, मी काय सांगणार? डावी बाजू गेली, मग औषधांचे सहा महिने, केस गेले आणि परत आले ते कुरळे आले, त्याचं तुला कोण कौतुक. तुला माहीत नसलेली एक गोष्ट मात्र आहे. ऑपरेशननंतर आठवड्याने मी डॉक्टरीणबाईंना तुझा पहिला फोटो पुन्हा उघडायला लावला. एका पडद्यावर जुना, एका पडद्यावर नवा. गाठ नेमकी कुठे होती ते आता माहीत होतं, तरी जुन्या फोटोत त्या जागी नुसतं पांढरं होतं. त्यांनी पाव तास पाहिलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा पाहिलं. "माझ्याकडून सुटली असती तर मी तसं म्हटलं असतं," म्हणाल्या, "पण मला इथे आजही ती दिसत नाहीये." मी विचारलं, तेव्हा सोनोग्राफी केली असती तर? त्या म्हणाल्या, "सोनोग्राफीत दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठ काळी. दिसली असती कदाचित. कदाचितच म्हणतेय हं मी, लिहून देणार नाही." मीही तुला तेवढंच सांगतो, जास्त नाही. त्या एका ओळीने तुझी डावी बाजू वाचली असती की नाही, मला ठाऊक नाही. तीन महिने नक्की वाचले असते, असं वाटतं. कारण ती ओळ नीट समजावून लिहायची म्हटली तर तिच्या मागोमाग हेही लिहावंच लागलं असतं, की मध्ये काही जाणवलं तर थांबू नका.

तू घरी आल्यावर मी ते कपाट उघडलं. डॉक्टरीणबाईंची परवानगी घेऊन रोज संध्याकाळी तासभर बसायचो. सहा वर्षांच्या मोफत आठवड्यांचे अहवाल, त्यातले क आणि ड वेगळे काढले. चारशे बारा निघाले. चारशे बारा जणींना आम्ही 'दोष आढळला नाही' असं कळवलं होतं आणि एकीलाही सांगितलं नव्हतं की तुमच्या बाबतीत आम्हाला नीट दिसत नाही. यादी घेऊन आम्ही रुग्णालयाच्या समितीपुढे गेलो, एकदा नाही, चार वेळा. मुख्य साहेब म्हणायचे, "बायका घाबरतील." माझंच जुनं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला खुर्चीत बसवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरतील आणि येतील. आत्ता निवांत राहतात आणि येत नाहीत." आणि चौथ्या बैठकीत काकू, ज्यांना कुणी बोलावलंही नव्हतं, दारातून म्हणाल्या, "रडल्या तर पाणी द्यायला मी आहे ना. तीस वर्षं दुसरं काय करतेय?" त्यावर साहेबांना हसू आलं आणि ओळ मंजूर झाली. त्या चारशे बारा जणींना पत्रं जायला लागली, अजून जातायत, तुझं अजून निघालेलं नाही. सोनोग्राफी मात्र सगळ्यांना देता येणार नाही असं ठरलं. यंत्र एक, चालवणारी माणसं दोन. जी मागेल तिला द्यायची.

मंजुरी मिळाली तरी शब्द सापडत नव्हता. घनता तर परत घालणार नव्हतो. गेल्या महिन्यात मी तुझ्या दुकानात येऊन उगाच रेंगाळत होतो, आठवतं? तुला विचारलं, ज्या कापडातून उजेड आरपार जात नाही त्याला काय म्हणता गं? तू मान वर न करता म्हणालीस, "गच्च विणीचं. दाट. का?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. "मग ऑफिसला सांग, पांढऱ्या दाट कापडावरची पांढरी शिवण उसवायची असली की मी खिडकीपाशी बसते, आणि तरीही बोटाने चाचपून बघते. एकट्या डोळ्यांच्या भरवशावर मी कात्री नाही चालवत." मी तिथल्याच एका कागदावर ते लिहून घेतलं आणि तू केवढ्याने ओरडलीस, "अरे गाढवा, ते कॉलरचं कटिंग आहे!" तुला न सांगता मी तुझंच वाक्य तुझ्याकडून काढून घेतलं, त्याचीही माफी माग म्हणालीस तर मागेन. पत्रात आता असं आहे:

'या फोटोत गाठ दिसली नाही. तुमच्या स्तनांची घडण दाट आहे. हा आजार नाही, पुष्कळ बायकांची असते. पण दाट भाग फोटोत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे लहान गाठ झाकली जाऊ शकते. सोनोग्राफीही करावी का, हे डॉक्टरांना विचारा. मध्ये काही वेगळं जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच या.'

'आढळला नाही' काढलं आणि 'दिसली नाही' घातलं. दोन्हींत फरक आहे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि मी म्हणे पंतोजी. आढळला नाही म्हटलं की वाटतं, नाहीच. दिसली नाही म्हटलं की निदान कुणीतरी विचारेल, मग दिसणार कशात?

माझ्या वह्यांची तू कायम थट्टा करतेस. कॉलेजपासून रोज काहीतरी लिहितो, आणि तू म्हणतेस की त्यात फक्त हवामान असतं. खरंच तसं आहे. तुझा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी मी अडीच वर्षांपूर्वीची वही काढली, तुझ्या पहिल्या फोटोच्या आठवड्याची. ते पान भरलेलं आहे. नळाचा वायसर बदलला, त्यावर साडेतीन ओळी. कोणत्या दुकानात मिळाला, कोणत्या नाही, पाना कुणाकडून आणला. आणि त्याच्या खाली एक ओळ. 'ताईचं पत्र तयार केलं. संध्याकाळी तिचा फोन आला, ठीक आहे म्हणून सांगितलं. सुटलो.' मी त्या शेवटच्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो. काही निघालं नाही म्हणून कुणी सुटायचं असेल तर ती तू. मी कशातून सुटलो होतो?

ताई, पत्र मी तयार केलं म्हणजे त्याआधीचा अहवालही मीच टाइप केला होता. दुपारी अडीचच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंचा आवाज हेडफोनमध्ये म्हणाला, घनता ड. मी ड टाइप केला. हे तुझं आहे, आणि याचा अर्थ काय, हे त्या क्षणी मला त्या इमारतीतल्या कुणाहीइतकं माहीत होतं. सांगायला हवं, असं मनात आलंही. पण सांगायचं तर तो शब्द तुझ्यासमोर उच्चारावा लागला असता, मग समजावावं लागलं असतं, मग तू काहीतरी विचारलं असतंस. संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "ठीक ना रे?" आणि मी म्हणालो, "ठीक." एका शब्दात सगळं टळलं, म्हणून सुटलो. तर तेव्हा न बोललेलं आता लिहितो. तुझे स्तन दाट होते, ताई, आणि मला ते त्या दिवशी माहीत होतं. उरलेल्या बाजूचीही घडण तशीच आहे. अठरा तारखेला तुला फक्त फोटोची वेळ दिलेली आहे, सोनोग्राफीची नाही, मी यादी पाहिली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हिचीही कराल ना? त्या म्हणाल्या, "तिने मागितली की लगेच. पण काय मागायचं ते तिला माहीत आहे का? तू सांगितलंयस का?" म्हणून हे पत्र. माझ्यावर रागव. बोलू नकोस, हवं तितके महिने. सोनोग्राफीचं मात्र त्या रागावर ठरवू नकोस. आणि माझ्या कुठल्याही पत्रावर निवांत होऊ नकोस, डॉक्टरीणबाईंसमोर बसून त्यांना विचार, काय दिसलं आणि काय दिसूच शकत नाही. अठराला खिडकीवर काकूंना नाव सांगशील तेव्हाच म्हण, माझी घडण दाट आहे, मला सोनोग्राफीही हवी. मोठ्याने म्हण. मी पलीकडच्या खोलीत हेडफोन काढून बसलेला असेन.

तुझाच, आणि तू रागावलीस तरीही तुझाच,
पंतोजी